कृश ग्रंथांची किंमत

१

ख्यातनाम लेखकाचे साठ-सत्तर पानांचे पुस्तक हाती आले की वाचक प्रथम मुखपृष्ठ पाहतो, मग पुस्तक उलटे करून किंमत पाहतो, आणि नंतर अंगठ्याखालून भराभर पाने सोडीत जाडीचा अदमास घेतो. ही तिसरी क्रिया तो काहीशा संकोचाने करतो. वाङ्मय हे किराणा नव्हे, ते वजनावर घ्यावयाचे नसते, हे त्याला ठाऊक असते. तथापि तीन-साडेतीनशे पानांची एखादी कादंबरी थोड्याच अधिक पैशांत शेजारी ठेवलेली असते, हेही त्याला दिसत असते. इतक्याशा पुस्तकाला इतके पैसे का द्यावेत, हा प्रश्न तो दुकानदाराला विचारीत नाही. घरी परतताना स्वतःला विचारतो.

आपल्या समीक्षेने या प्रश्नाची फारशी दखल घेतलेली नाही. कलाकृतीच्या मूल्याची चर्चा करणाऱ्याने छापील किमतीकडे वळणे तिला हिणकस वाटत असावे. वस्तुतः हा संकोच अनाठायी आहे. कोणते पुस्तक कोणाच्या हाती जाणार, कोणते ग्रंथालयात शिरणार, एका भारतीय भाषेतील कोणती कृती दुसऱ्या भाषेत उतरणार, या साऱ्या गोष्टी पुष्कळ अंशी किमतीवर ठरत असतात. वाङ्मयाचे जीवन ज्या गोष्टीवर इतके अवलंबून आहे, तिच्याविषयी वाङ्मयसमीक्षेने मौन पाळावे, हे योग्य नव्हे.

मराठीत या संदर्भात तीन शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवले तर विचार पुष्कळ सुकर होतो. 'किंमत' ही प्रकाशक ठरवितो व ती पुस्तकावर छापलेली असते. 'मोल' हे वाचकाच्या मनात वाचनानंतर ठरते, आणि ते एकाच पुस्तकाचे दोन वाचकांच्या लेखी भिन्न असू शकते. 'मूल्य' हा मीमांसेचा विषय. तेथे व्यक्तीच्या आवडीपलीकडे जाऊन कृतीच्या गुणांविषयी बोलावे लागते. आपण ज्या प्रश्नाचा येथे विचार करीत आहोत तो पहिल्या दोहोंच्या संबंधाचा आहे. मात्र त्याचे उत्तर तिसऱ्याचा आधार घेतल्यावाचून देता येत नाही.

लहान ग्रंथ हा ग्रंथच नव्हे, असे मानण्याची आपली परंपरा तर मुळीच नाही. ज्ञानदेवांनी सुमारे नऊ हजार ओव्यांची 'ज्ञानेश्वरी' रचली, आणि अवघ्या पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'ही रचली. रामदासांचा 'दासबोध' साडेसात हजारांहून अधिक ओव्यांचा, तर 'मनाचे श्लोक' दोनशे पाच. मोठ्या ग्रंथाने लहान ग्रंथाला कधी झाकून टाकले नाही. उलट दासबोधाच्या वाट्याला न आलेली घरे मनाच्या श्लोकांच्या वाट्याला आली. परंतु हे ग्रंथ मुद्रणपूर्व काळातले. त्यांचे कर्ते पोथीच्या विक्रीवर जगत नव्हते आणि त्यांचे श्रोते पोथी विकत घेत नव्हते. लहान ग्रंथाची अडचण सुरू होते ती मुद्रणानंतर, ग्रंथ ही विक्रीची वस्तू झाल्यानंतर.

२

ही अडचण समजून घ्यावयाची तर पुस्तकाची किंमत कशी बसते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्याकडे डेमी आकाराच्या पुस्तकाचा हिशेब सोळा पानांच्या फॉर्माने होतो. चौसष्ट पानांचे पुस्तक म्हणजे चार फॉर्म. तीनशे वीस पानांचे म्हणजे वीस. पहिल्याला दुसऱ्याच्या एक-पंचमांश कागद लागतो, छपाईही सुमारे त्याच प्रमाणात. येथपर्यंत वाचकाची अपेक्षा बरोबर आहे. पण मुखपृष्ठ दोन्ही पुस्तकांना एकेकच लागते. चित्रकाराचे मानधन, जाहिरात, गुदामातील जागा, पार्सलाची बांधाबांध, यांपैकी काहीही पानांच्या प्रमाणात घटत नाही. विक्रेत्याची सूट तर छापील किमतीवरच जाते. तेव्हा किंमत फार खाली आणली तर विक्रेत्याला ते पुस्तक दर्शनी ठेवण्यात स्वारस्य उरत नाही. परभाषेतील नामवंत लेखकाचे पुस्तक असल्यास अनुवादाच्या हक्कांसाठी जी रक्कम आगाऊ द्यावी लागते ती लेखकाच्या नावावर ठरते, पृष्ठसंख्येवर क्वचितच. सारांश, लहान पुस्तकाचे एकेक पान मोठ्या पुस्तकाच्या एकेका पानापेक्षा महाग असणे अपरिहार्य आहे. यात लबाडी नाही. लबाडी असलीच तर ती अन्यत्र असते, आणि तिचा विचार पुढे करू.

याचे एक जुने उदाहरण बोधप्रद आहे. चार्ल्स डिकन्सची नाताळची सुप्रसिद्ध लघुकृती 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तोपर्यंत डिकन्स इंग्लंडचा सर्वांत लोकप्रिय लेखक झालेला होता. त्याने हे छोटे पुस्तक स्वतःच्या जोखमीवर काढले, सोनेरी कडा आणि हाताने रंगविलेली चित्रे यांचा आग्रह धरला, आणि किंमत मात्र पाच शिलिंग ठेवली. सहा हजार प्रती नाताळच्या आत खपल्या. त्यावर हजार पौंडांची आशा करणाऱ्या डिकन्सच्या हाती आले सुमारे दोनशे तीस पौंड. उरलेले सजावटीने खाल्ले. पाठोपाठ कोणी त्याच कथेची चोरटी आवृत्ती दोन पेन्सांना विकावयास काढली. डिकन्सने दावा जिंकला, पण प्रतिवादी दिवाळखोर निघाल्याने खटल्याचा खर्च त्याच्याच अंगावर आला. पाच शिलिंगांत ग्राहकाला कथा किती मिळाली आणि सोनेरी कडा किती मिळाली, हा प्रश्न तेव्हाही होता. लहान पुस्तकाला अंगापेक्षा मोठा अंगरखा घालून उभे करावयाचे, ही युक्ती तेव्हापासून आजतागायत चालत आली आहे.

आमच्याकडे याच युक्तीचे दुसरे रूप आढळते. तेथे अंगरखा नव्हे, अंगच वाढविले जाते. स्वतःचा एक अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका नामवंत लेखकाच्या दीर्घकथेचे मराठी भाषांतर केले होते. हस्तलिखित मोजून ते छापील सत्तर पानांच्या आत बसेल असे दिसताच प्रकाशक म्हणाले, "अहो, कथा उत्तम आहे, पण हे पुस्तक कपाटात उभे राहणार नाही. पाठीवर नाव छापायला जागा कुठे आहे? त्यांच्याच आणखी दोन कथा घाला, म्हणजे पुस्तक होईल." मी त्या घातल्या. त्या लेखकाच्या उमेदवारीच्या काळातल्या होत्या, आणि मूळ भाषेतही कोणी त्यांची आठवण ठेवलेली नव्हती. पुस्तक निघाले, पाठीवर नावही छापले गेले. जे दोन-तीन अभिप्राय आले त्यांत या लेखकाच्या कथा असमान दर्जाच्या आहेत, असे नोंदविलेले होते. ते खरेच होते. एकट्याने उभी राहू शकणारी कथा मी दोन दुबळ्या सोबतिणींच्या खांद्यांवर हात ठेवून उभी केली होती. या प्रसंगात प्रकाशकांचा दोष मी मानीत नाही. त्यांना पुस्तक विकावयाचे होते. संमती माझी होती, आणि तिची रुखरुख अजून आहे.

३

तेव्हा एकटी उभी राहणारी लघुकृती म्हणजे काय, आणि वाचक तिच्यासाठी पैसे मोजतो तेव्हा तो नेमके काय विकत घेतो? या प्रश्नावर विसाव्या शतकात एक मोठा प्रयोग आपोआपच घडून आला. अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही सुमारे सत्तावीस हजार शब्दांची कृती १ सप्टेंबर १९५२ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या अंकात संपूर्ण छापली गेली. अंकाची किंमत वीस सेंट. दोन दिवसांत पन्नास लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आठवडाभराने स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने तीच कृती पुस्तकरूपाने काढली. तिची किंमत तीन डॉलर, म्हणजे साप्ताहिकाच्या पंधरा पट. व्यवहारी माणसाने भाकीत केले असते की आता हे पुस्तक कोण घेणार? शब्द तर तेच आहेत, आणि सबंध देश ते वाचून बसला आहे. प्रत्यक्षात ते पुस्तक कित्येक आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले. पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये त्याच्या कर्त्याला नोबेल.

यातून दोन अनुमाने निघतात. पहिले हे की वाचक प्रथमवाचनाची किंमत आणि ग्रंथ जवळ असण्याची किंमत या दोन निराळ्या गोष्टी मानतो. वीस सेंटांत त्याने म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट जाणून घेतली. तीन डॉलरांत त्याने ती पुन्हा वाचण्याचा अधिकार घेतला. ज्या कृतीचे सर्व सत्त्व 'पुढे काय झाले' एवढ्यातच असते, तिच्या बाबतीत दुसरा सौदा होऊच शकत नाही. म्हणून लघुकृतीचे मोल पानांनी मोजण्याऐवजी वाचनांनी मोजावे, असे म्हणता येईल. तीन तासांत संपणारे पुस्तक पाच वेळा वाचले गेले तर ते पंधरा तासांचे पुस्तक होय; पाचशे पानांची कादंबरी ऐंशीव्या पानावर मिटली गेली तर ती ऐंशी पानांचीच होय, आणि तीही महागडी.

दुसरे अनुमान अधिक सूक्ष्म आहे. ही कृती हेमिंग्वेच्या मनात समुद्रविषयक एका मोठ्या ग्रंथाचा भाग म्हणून होती. त्या मोठ्या योजनेतून हा एक तुकडा पूर्ण झाला आहे, तो स्वयंपूर्ण आहे, हे ओळखून त्याने तो अलग काढला. उरलेल्यापैकी बरेचसे त्याच्या मृत्यूनंतर, १९७० मध्ये, 'आयलंड्स इन द स्ट्रीम' या जाड कादंबरीच्या रूपाने इतरांनी प्रसिद्ध केले. आज दोन्ही पुस्तके उपलब्ध आहेत. पानामागे दर काढला तर दुसरे स्वस्त ठरेल; परंतु ज्याने दोन्ही वाचली आहेत तो हा हिशेब मांडणार नाही. लहानपणा हा येथे लेखकाचा निर्णय होता. कोठे थांबावे हे कळणे हे लिहिण्याइतकेच अवघड काम आहे, आणि लघुकृतीच्या किमतीत या थांबण्याचेही श्रम धरलेले असतात.

४

किमतीचा प्रश्न केवळ प्रकाशक आणि ग्राहक यांच्यातील आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशात एका लहान पुस्तकाच्या किमतीवर एका थोर पुरुषाने दुसऱ्या थोर पुरुषाला जाहीर सल्ला दिल्याचे उदाहरण आहे, आणि त्यात या विषयाचे सारे मर्म आले आहे.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिले होते. त्यांनी लिहिलेले अध्यक्षीय भाषण मंडळाला पेलवेना. काही भाग गाळावेत अशी विनंती झाली, आणि एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे उत्तर बाबासाहेबांनी दिले. परिषद बारगळली. तेव्हा हे न झालेले भाषण 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने त्यांनी स्वखर्चाने छापले. प्रती पंधराशे, किंमत आठ आणे. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये या पुस्तकाचा परामर्श घेताना कोणत्याही सुधारकाला हे भाषण डावलता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आणि त्याच ओघात किंमत आठ आण्यांवरून दोन आणे, निदान चार आणे करावी, अशी सूचनाही केली.

ही सूचना वरवर किरकोळ वाटते. गांधीजींची दृष्टी स्पष्ट आहे: जे सर्वांनी वाचले पाहिजे ते सर्वांना परवडले पाहिजे. ही त्यांची केवळ दुसऱ्याला सांगण्याची गोष्ट नव्हती. त्यांचे स्वतःचे 'हिंद स्वराज' हेही असेच लहान पुस्तक. १९०९ मध्ये आगबोटीवर लिहिले गेलेले. मुंबई सरकारने मूळ गुजराती पुस्तकावर बंदी घातल्यावर १९१० मध्ये त्यांनी त्याचे इंग्रजी रूपांतर काढले, तेव्हा त्यावर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे छापले होते. म्हणजे छापील किंमत तर सोडाच, लेखकाचा हक्कही त्यांनी मोकळा केला.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पंधराशे प्रती आठ आण्यांनी विकल्या गेल्या तर एकूण येतात साडेसातशे रुपये. दोन आण्यांनी विकल्या तर एकशे साडेसत्याऐंशी. छपाई, टपाल आणि विक्रेत्याची सूट यांतूनच जावयाची. गांधीजींच्या पाठीशी स्वतःचे साप्ताहिक होते, मुद्रणालय होते, देशभर पसरलेले कार्यकर्ते होते. आंबेडकरांच्या बाबतीत ज्या संस्थेने भाषण छापावयाचे तीच मागे हटली होती. ज्याला संस्था नाही त्याच्या पुस्तकाची किंमत आठ आणे होते. ज्याला आहे तो दोन आण्यांची भाषा करू शकतो. स्वस्त पुस्तक हे फुकट तयार झालेले नसते; त्याचा उरलेला खर्च कोणीतरी दुसऱ्याने सोसलेला असतो. अनुदानावर ग्रंथ काढणाऱ्या सार्वजनिक संस्थांच्या पुस्तकांकडे बोट दाखवून खासगी प्रकाशकाला दूषण देताना आपण हे विसरतो.

आणि वाचकांनी काय केले? दोन महिन्यांच्या आत पहिली आवृत्ती संपली. म्हणजे आठ आणे त्यांना जड गेले नाहीत. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे आक्षेप आणि त्यांना बाबासाहेबांचे उत्तर ही दोन्ही जोडली गेली. हीही वाढच, पण मघाशी सांगितलेल्या माझ्या दोन कथांसारखी नव्हे. येथे वादाला प्रतिवाद आणि प्रतिवादाला उत्तर असे एक संपूर्ण वर्तुळ तयार झाले, आणि आज ते भाषण या जोडाविना वाचणे आपल्याला अपुरे वाटते.

या पुस्तकाची पुढची हकीकतही आपल्या विषयाला धरून आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात ते समाविष्ट झाले आणि अल्प किमतीत सर्वांना मिळू लागले. पुढे २०१४ मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने टीपांसह त्याची एक आवृत्ती काढली. तिला अरुंधती रॉय यांची शंभराहून अधिक पानांची प्रस्तावना होती. तिच्यावर वाद झाला. अनेक दलित विचारवंतांनी असा प्रश्न केला की बाबासाहेबांच्या ग्रंथाला एका कादंबरीकर्त्रीच्या नावाचा आधार का लागावा, आणि प्रस्तावनेचा भर गांधींवर इतका का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की या नावामुळे ज्यांनी हा ग्रंथ कधी हाती घेतला नसता त्यांच्यापर्यंत तो पोहोचला. ती प्रस्तावना नंतर स्वतंत्र पुस्तक म्हणूनही निघाली. वादाचा निकाल येथे द्यावयाचा नाही. पण एवढे दिसते की लहान ग्रंथ मोठ्या किमतीस नेताना त्याच्यापुढे दुसरे मोठे नाव उभे करण्याची प्रथा आहे, आणि तशा वेळी ग्राहकाने स्वतःला विचारावे: आपण पैसे कोणत्या नावाचे देत आहोत?

५

आतापर्यंत लहान पुस्तकाची बाजू मांडली. आता त्याच्याविरुद्धची बाजू मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. प्रसिद्ध लेखकाच्या नावावर निघणारी सर्वच कृश पुस्तके एका जातीची नसतात. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग लहान म्हणूनच जन्मलेल्या कृतींचा. अनंतमूर्तींची 'संस्कार' (१९६५), जैनेंद्रकुमारांची 'त्यागपत्र' (१९३७), बशीरांची 'बाल्यकालसखी' (१९४४), आमच्याकडची विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) या कादंबऱ्या दुप्पट लांब करा असे कोणी म्हणणार नाही. यांतील बहुतेकांना कर्त्याच्या कीर्तीचे छत्र आरंभी नव्हते. कीर्ती मागाहून, त्यांच्याचमुळे आली.

दुसरा वर्ग फुगविलेल्या पुस्तकांचा. अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस याने २००५ मध्ये एका महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात केलेले भाषण त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, 'धिस इज वॉटर' या नावाने पुस्तकरूपात आले. पानावर जवळजवळ एकेकच वाक्य छापून त्याला पुस्तकाची जाडी दिली गेली. भाषण विचारप्रवर्तक आहे, यात संशय नाही. पण ते आधीपासूनच हवे त्याला विनामूल्य वाचावयास मिळत होते, आणि पानावर एकटे बसविल्याने वाक्य अधिक खोल होत नाही. उलट भाषणाचा ओघ तुटून त्याची सुभाषिते होतात. येथे वाचक कोऱ्या जागेचे पैसे देतो. पहिल्या वर्गात लेखकाने शब्द कमी केलेले असतात, दुसऱ्यात प्रकाशकाने कागद वाढविलेला असतो. बाहेरून दोन्ही पुस्तके सारखीच दिसतात.

तिसरा वर्ग सुट्या काढलेल्या कथांचा. आयरिश लेखिका क्लेअर कीगन हिची 'सो लेट इन द डे' ही कथा प्रथम २०२२ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये आली. २०२३ मध्ये लंडनच्या फेबर या संस्थेने ती एकटीच, पुठ्ठा बांधणीत, सुमारे चौसष्ट पानांचे पुस्तक म्हणून काढली. अमेरिकेत मात्र त्याच वर्षी ती तिच्याच आणखी दोन कथांसह निघाली. लंडनच्या ग्राहकाला एक कथा मिळाली, अमेरिकेच्या ग्राहकाला तीन. तेव्हा पहिला फसला काय? मला हा निवाडा सोपा वाटत नाही. अमेरिकेतील संग्रहाच्या तिन्ही कथा स्त्री-पुरुषांच्या संबंधांतील क्रौर्याभोवती गुंफलेल्या आहेत, आणि एकत्र वाचताना एकीचा प्रकाश दुसरीवर पडतो. उलट एकटी वाचताना त्या कथेतल्या माणसाचा कोतेपणा वाचकाच्या मनात सावकाश उमटतो, आणि तेथून त्याला दुसऱ्या कथेकडे पळून जाता येत नाही. दोन्ही निर्णयांना वाङ्मयीन समर्थन आहे. ज्याला खिशाची काळजी आहे त्याने संग्रह घ्यावा. पण एकट्या कथेचे पुस्तक म्हणजे लूट, असे म्हणता येणार नाही.

चौथा वर्ग सर्वांत अवघड: लेखकाने न सोडलेली, वारसांनी सोडलेली पुस्तके. गाब्रिएल गार्सिया मार्केस याने अखेरच्या वर्षांत लिहिलेली एक छोटी कादंबरी त्याच्या स्मृतिभ्रंशाच्या काळात पुरी झाली नाही. हे पुस्तक जमलेले नाही, ते नष्ट करावे, असे त्याने स्वतःच म्हटले होते. त्याचा मृत्यू २०१४ मध्ये झाला. दहा वर्षांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, त्याच्या जन्मदिनी, त्याच्या दोन्ही मुलांनी ते प्रसिद्ध केले, आणि वडिलांची इच्छा आपण मोडली आहे हे प्रस्तावनेत कबूलही केले. हे पुस्तक लहान आहे ते लेखक थांबला म्हणून नव्हे. त्याला पुढे जाता आले नाही म्हणून. हेमिंग्वेच्या बाबतीत लहानपणा हा निर्णय होता, येथे तो अपघात आहे. अभ्यासकाला याचे मोल आहे, चाहत्यालाही असेल. पण ज्याने या लेखकाचे काहीच वाचलेले नाही त्याने तेच पैसे 'कर्नलला कोणी पत्र लिहीत नाही' या १९६१ च्या लघुकादंबरीवर खर्चावेत. तीही कृशच आहे, परंतु तिच्यातील एकही पान लेखकाच्या हातून निसटलेले नाही.

६

या वर्गीकरणाच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते जुनेच आहे. अॅरिस्टॉटलने कृतीच्या परिमाणाविषयी बोलताना प्राण्याचा दृष्टान्त दिला आहे: अतिसूक्ष्म प्राणी दृष्टीला स्पष्ट दिसत नाही, आणि हजार कोस लांबीचा प्राणी एका दृष्टिक्षेपात मावत नाही, तसेच कथानकही स्मृतीत मावेल इतके असावे. म्हणजे परिमाण हे पट्टीने मोजावयाचे नसून वाचकाच्या स्मृतीने मोजावयाचे आहे. मराठीत मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयतत्त्वांची जी मांडणी केली, तीतही कृतीचे सौंदर्य घटकांच्या संख्येत नव्हे तर त्यांच्या परस्परसंबंधांत शोधले आहे. या दोन्ही विचारांचा आपल्या प्रश्नापुरता अर्थ असा: ज्या लघुकृतीतून एक परिच्छेद काढला असता उरलेली विस्कटते, ती पूर्ण परिमाणाची आहे, मग तिची पाने कितीही थोडी असोत. जिच्यात एक परिच्छेद घातला किंवा काढला तरी फरक पडत नाही, ती दहा पानांची असली तरी लांबच आहे.

वैचारिक लेखनालाही हाच निकष लागू पडतो. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (१९६२) हे लहान पुस्तक आहे. पण त्याच्या एकेका व्यक्तिलेखामागे महाभारताच्या व लोकसाहित्याच्या कित्येक वर्षांच्या अध्ययनाचे पाणी मुरलेले आहे. असे पुस्तक घेताना वाचक पानांचे नव्हे, तर पानांवर न आलेल्या वाचनाचे मोल देत असतो. आणि येथेच ख्यातनाम लेखकाच्या नावाला न्याय्य अर्थ प्राप्त होतो. नाव ही हमी असते: या थोड्या शब्दांमागे पुष्कळ काही सोडून दिलेले आहे, अशी. ती हमी खरी असेल तर किंमत योग्य. नाव आहे पण मागे काही सोडलेले नाही, जे होते ते सगळे पानांवर पसरले आहे, अशी स्थिती असेल तर ते पुस्तक कितीही स्वस्त असले तरी महाग.

भाषांतरकाराला हा भेद इतरांपेक्षा लवकर कळतो, कारण त्याला प्रत्येक वाक्य हाताळावे लागते. त्याचा मोबदला शब्दांवर किंवा पानांवर ठरतो; सत्तर पानांच्या पुस्तकाचे त्याला सत्तर पानांचेच पैसे मिळतात. पण लेखकाचा स्वर सापडेपर्यंतचे श्रम सत्तर पानांना आणि सातशे पानांना सारखेच असतात. मोठ्या कादंबरीत तो पन्नासाव्या पानाशी सापडला तरी पुढील साडेसहाशे पाने सुखाने जातात. लघुकृतीत तो पहिल्या पानालाच सापडावा लागतो. शिवाय तेथे एखादा शब्द चुकला तर तो लपवावयास जागा नसते. भारतीय भाषांतील परस्पर-अनुवादात लघुकृतींना जे कमी स्थान मिळते, त्याचे एक कारण या हिशेबात आहे. प्रकाशकाला पुस्तक जाड हवे, भाषांतरकाराला पाने अधिक हवीत, ग्रंथालयाला वाचकाने दुसऱ्याच दिवशी परत न आणलेले पुस्तक हवे. यांपैकी कोणीही वाङ्मयाचा शत्रू नाही, पण सर्वांचे मिळून लघुकृतीला अडसर होतात.

याला उपाय काय? अनुदान देणाऱ्या संस्थांनी भाषांतराचा मोबदला केवळ शब्दसंख्येवर न ठेवता प्रत्येक कृतीसाठी एक किमान रक्कम ठरवावी, हा एक. ग्रंथालयांनी खरेदी करताना जाडीचा विचार सोडावा, हा दुसरा. प्रकाशकांनी लहान पुस्तक लहानच ठेवावे, अक्षर मोठे करून किंवा असंबद्ध जोड देऊन त्याची शोभा करू नये, आणि किंमत का तेवढी आहे हे वाचकाला मोकळेपणाने सांगावे, हा तिसरा.

वाचकापुरते बोलावयाचे तर दुकानात पुस्तक अंगठ्याखालून सोडून पाने मोजण्यात काही वावगे नाही. फक्त त्यानंतर मधले एखादे पान उघडून ते सावकाश वाचून पाहावे. तेच पान लगेच पुन्हा वाचावेसे वाटले तर किंमत पाहण्याचे कारण नाही. वाटले नाही तर पुस्तक जागेवर ठेवावे, मग मुखपृष्ठावरचे नाव कितीही मोठे असो. माझ्या त्या दीर्घकथेची दुसरी आवृत्ती कधी निघालीच, तर ती सत्तर पानांचीच काढावी असे मी प्रकाशकांना लिहून ठेवले आहे. पाठीवर नाव छापता येणार नाही, याची मला कल्पना आहे.